पांढऱ्या निशाणाचा होकार

दीपगृह भर समुद्रात, खडकावर. त्याची सगळी उस्तवार करणारं ठाणं मात्र किनाऱ्यावर. तेलाचे डबे, धान्य, दिव्याचे सुटे भाग इथूनच होडीने जायचे, आणि पाळीवर गेलेल्या दिवेवाल्यांची बायकापोरं इथल्याच खोल्यांत राहायची.

मुख्य दिवेवाल्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. तिच्या नवऱ्याला पाठीमागे ‘पाहूसाहेब’. वादळात धडाधड हुकूम सोडणारा हा गडी घरात मात्र प्रत्येक गोष्टीला ‘पाहू’ म्हणायचा. लेकीचं लग्न ठाण्यावरच्या सुताराशी करायचं, तर त्यातही पाहू-पाहू करत दोन वर्षं गेली. मुलगा त्याला पसंत होता. लेकीचं तर कधीच ठरलं होतं. अडलं होतं ते फक्त बापाच्या ‘हो’पाशी.

एके दिवशी उजाडता उजाडता सुताराची आत्या शहरातून आली आणि चहाला हात न लावता बसून राहिली. आज काय तो सोक्षमोक्ष लावा, नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे, असं तिने बजावलं. पाहूसाहेब पाळीवर, खडकावर; समुद्र खवळलेला, होडी सोडायची सोय नाही.

वहिनीने ओले हात पुसले. “मग इथूनच विचारते. पांढरं निशाण चढलं तर हो, लाल चढलं तर नाही.”

तिने टेबलावरचं कापड ओढलं, सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि खडकाच्या दिशेने ते इतक्या गंभीरपणे हलवलं, की आत्याबाई श्वास रोखून उभ्या राहिल्या. आता, रोज सकाळी दिवा मालवला की ‘सगळं ठीक’ म्हणून दीपगृहावर पांढरं निशाण चढतं, हे ठाण्यावरच्या मांजरालाही ठाऊक होतं. ठाण्यावरचं सामान सांभाळणाऱ्या कोठीवाल्याने तोंड उघडलं, पण वहिनीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याला एकदम खोकला आला. सुतार आपल्या चपलांकडे बघत राहिला. लेकीने ओठ दाताखाली धरला.

पांढरं निशाण चढलं. आत्याबाईंनी खाली येऊन गार झालेला चहा एका घोटात संपवला.

संध्याकाळी समुद्र निवळल्यावर पाहूसाहेब किनाऱ्याला लागला, तर धक्क्यावर सुतार म्हणाला, “या, बाबा.” कोठीवाल्याने अभिनंदन केलं. साहेब तडक स्वयंपाकघरात शिरला आणि दार लावून घेतलं.

“हे काय ऐकतोय मी?”

“तुम्हीच होकार दिलात. चारचौघांसमोर.”

“अगं, ते निशाण मी रोज चढवतो!”

“मग जा, सांगा त्यांना. चुकून झालं म्हणावं.”

त्याने कडीला हात घातला. बाहेर आत्याबाई कुणाला तरी सांगत होत्या, की बाप असावा तर असा. विचारलं आणि लगेच उत्तर, उगाच घोळ नाही. साहेबाने कडीवरचा हात काढला. मग मिशा सारख्या करून, छाती काढून बाहेर गेला.

जेवायला बसेपर्यंत, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, त्याने पहाटेपासून विचार केलेला होता. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना कळलं, की त्याने आधी दुर्बिणीतून मुलाचं काम निरखलं होतं, हात पारखला होता, आणि मगच निशाणाच्या दोरीला हात लावला होता. माणसाला निर्णय घेता आला पाहिजे, असंही तो चार जणांना सांगत होता.

वहिनी शेजारी उभी राहून वाढत होती. कुणीतरी तिचं मत विचारलं.

“माझं कसलं मत?” ती म्हणाली. “यांच्यापुढे माझं कधी काही चाललंय का?”