भोकं नसलेला म्हैसूरपाक

पुस्तकातले खडक पोरांच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा मी ठरवलं, खायला घालूनच शिकवायचं. परळच्या आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गासमोर आधी चिरोटा मोडला. "गाळाचा खडक असाच थरावर थर साचून होतो." थर दिसेपर्यंत चिरोटे संपलेसुद्धा.

मग म्हैसूरपाक. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगडाला भोकं राहतात, आपल्या मुंबईतला काळा दगड असाच, हे मी झोकात सांगितलं. पण माझ्या म्हैसूरपाकाला एकही भोक नव्हतं. पाक पुढे जाऊन वड्या टणक झाल्या होत्या. नवरा म्हणालाच होता, दुकानातून आण. मी कशाला ऐकतेय! वर्गात नुसता कडाकडा आवाज.

वर्गातल्या मनवाचा दात हलत होता, म्हणून तिची वडी मी माझ्या डब्यात घालून घरी न्यायला दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा परत आणला. चांगलाच जड. उघडते तर आत काळा दगड!

"हे काय गं?" मी भडकलेच.

"आई म्हणाली, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. मग मीच शोधून घातला. आमच्या चाळीची जुनी भिंत पाडतायत ना, तिथला आहे."

"अगं, पण दगड?"

तिनं तो माझ्यासमोर उलटा केला आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, नीट बघा ना. याला भोकं पडलीयत."