ऑलसपसाहेबांच्या दुकानाचा हिरवा पडदा

मी एक जुना, जाड हिरव्या कापडाचा पडदा आहे. घरातला नव्हे हं, दुकानाचा! शंभरेक वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या मोठ्या रस्त्यावर ऑलसपसाहेबांचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या दर्शनी काचेमागे मी वरच्या दांडीला गुंडाळलेला असे. दुकानाच्या माडीवर तिथे कामाला असलेल्या मुलींनीच मला शिवलं. माझी शिवण आजही उसवलेली नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

मित्रांनो, त्या मुली दिवसभर उभ्या असत. पाय सुजले तरी बसायची मुभा नव्हती. रविवार प्रार्थनेत आणि धुण्यात सरे. गावोगावच्या दुकानांतल्या नोकरांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे नियम झाला: बुधवारी दुपारी एकला दुकानं बंद आणि पगार न कापता सुट्टी! त्या पहिल्या बुधवारी मला पहिल्यांदाच भर दुपारी खाली ओढलं. बाहेरचे लोक म्हणाले, "काय भला माणूस आहे हा ऑलसप!" मीही फुशारलो.

पण माझी एकच बाजू रस्त्याकडे होती. आतल्या बाजूला साहेबांनी दाराला कडी घातली आणि ते म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं, काम थोडंच गेलं? चला, फिती गुंडाळा." मुली संध्याकाळपर्यंत फिती गुंडाळत बसल्या, म्हणजे उभ्याच! असे कितीतरी बुधवार गेले. माझ्या आडून हे चालतं, याची मला चीड येई.

हातमोजे विकणारी विनी ट्रेंबाथ जिभेची तिखट, आणि चेंडू टाकण्यात त्याहून तिखट. दुकानांतल्या मुलींनी क्रिकेटचा संघ काढला होता. एका बुधवारी दोनला त्यांचा शिवणकारखान्यातल्या बायकांशी सामना होता.

"साहेब, एक वाजला. मी निघते," विनी म्हणाली.

"चेंडू खेळायला? आधी फिती उचल."

"दुपार माझी आहे, साहेब."

"मग उद्याची सकाळही तुझीच समज!"

म्हणजे नोकरीवर गदा. विनीचे वडील खाणीतल्या धुळीने खोकून अंथरुणाला खिळले होते. घर तिच्याच पगारावर चाले. बाकीच्या मुली खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"बरं. फिती गुंडाळायच्याच ना? मग उजेडात गुंडाळू," विनी म्हणाली, आणि तिने माझी दोरी ओढली.

मी सर्रकन वर गेलो! बाहेर सगळं गाव ठेवणीतले कपडे घालून मैदानाकडे निघालं होतं. मिसेस पेनरोझ काचेपाशी थबकल्या. त्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी दार ठोठावलं.

"अहो ऑलसप, दुकान उघडं आहे की बंद?"

उघडं म्हणावं तर नियम मोडला. बंद म्हणावं तर मुली आत कशा? "बंद... बंदच आहे," साहेब पुटपुटले.

"बंद ना? मग या पोरींना काय विकायला ठेवलंय काचेत?"

काचेपाशी जमलेली गर्दी खो खो हसली. साहेबांनी मुकाट्याने कडी काढली. विनीने टोपी उचलली.

"येते, साहेब. उद्या सकाळी वेळेवर येते हं!"

आणि ती आली. साहेबांनी तिला मुकाट हातमोज्यांच्या खणापाशी जाऊ दिलं. सामना मुली हरल्या होत्या, पण गुरुवारी सगळ्यांची नाकं उन्हाने लाल झाली होती. त्यांना इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. पुढे दर बुधवारी आधी मुली बाहेर पडत आणि मागाहून मी खाली येई.

आता ते दुकान नाही. मी एका गॅरेजमध्ये रंगाचे डबे झाकतो. त्या घरची बाई मॉलमध्ये नोकरी करते. परवा सुट्टीच्या दिवशी तिला कामावरून फोन आला. "नाही हो, आज नाही जमायचं. आजचा दिवस माझा आहे," ती शांतपणे म्हणाली. धुळीत पडलेला मी, पण मला केवढा आनंद झाला!

मित्रांनो, मला झटकलं नाही तरी चालेल. पण दुकान बंद व्हायच्या वेळी दारात पोहोचलात, तर तिथूनच मागे फिरा. आत कुणीतरी पिशवी खांद्याला लावून घरी जायला उभं असेल.