जज पिरोगी यांचं दुःखद निधन

ग्लेन हुदाकने आमचा जज पळवला, त्यानंतर बरेच दिवस व्हेल्मा कुचेरा कुणाशी धड बोलली नाही. सकाळी शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी स्टुडिओत येऊन रिकाम्या टेबलासमोर बसायचं, एवढंच तिचं चालू होतं. मी, आर्लीन, तिच्या कार्यक्रमाचा कॅमेरा सांभाळायचे. दिवसभर लाँड्रीत इस्त्री आणि गुरुवारी कॅमेरा. त्यातल्या गुरुवारसाठीच मी बाकीचा आठवडा ढकलायचे.

केबल कंपनी आमच्या नॉर्थ टॅबर गावात तारा टाकायला आली, तेव्हा कौन्सिलने अट घातली होती की एक चॅनल गावाला मोकळं सोडायचं. गावातल्या कुणीही यावं आणि काय वाटेल ते दाखवावं. स्टुडिओ म्हणजे बुटांचं एक बंद पडलेलं दुकान. तिथला व्यवस्थापक लाइल स्वभावाने भित्रा होता, पण नियम असा की त्याला कुणाचा कार्यक्रम अडवताच यायचा नाही. म्हणून एक बाई बुधवारी आपल्या मांजरांची कुंडली सांगायची, आणि गुरुवारी सात वाजता आमच्या जज पिरोगीचं कोर्ट भरायचं.

जज म्हणजे भट्टीतून गरम भांडी काढायचा जाड हातमोजा. व्हेल्माने त्यात कापूस भरून, काठ मुडपून अगदी पिरोगीचा, म्हणजे आमच्याकडच्या सारण भरून उकडलेल्या अर्धगोल पदार्थाचा, आकार आणला होता. डोळ्यांना दोन वेगवेगळी बटणं, डोक्यावर आईच्या जुन्या कोटाची फर. शब्द व्हेल्माचे, हात आणि आवाज ग्लेनचा. तो आवाज मात्र खास होता. घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा, खडूस, पण ऐकताना आपलाच आजोबा ओरडतोय असं वाटायचं.

जज कुणाला सोडायचा नाही. बेनिश खाटीक वजन करताना काट्यावर अंगठा टेकवतो, सबब त्याने महिनाभर स्वतःचेच सॉसेज खावेत. कौन्सिलर साहेबांच्या दारासमोरचा खड्डा वर्षभर तसाच आहे, सबब साहेबांनी त्यात खुर्ची टाकून जेवावं. तो खड्डा त्याच आठवड्यात बुजला. काच कारखाना बंद झाल्यापासून गावात कुणी कुणाला जाब विचारत नव्हतं. हातमोजा विचारायचा. बायका फोन करून स्वतःच्या नवऱ्यावर खटले भरायच्या.

शहरातल्या मोठ्या चॅनलवाल्यांनी ग्लेनला बोलावलं तेव्हा तो व्हेल्माला म्हणाला, "नुसतं भेटून येतो." जाताना टेबलाच्या खणातून जजही घेऊन गेला. पुढे आम्ही त्याला पाहिलं ते टीव्हीवरच. आमच्या हातमोज्याच्या जागी मखमलीचा गुबगुबीत बाहुला, तोच आवाज, आणि खाली नाव झळकत होतं, 'जज पिरोगी'. तो आता कुणाला शिक्षा करत नव्हता. गालिचे विकत होता. मधूनमधून आपल्या आईची नक्कल करायचा, आमच्या पूर्वजांच्या जुन्या देशातून, समुद्रापलीकडून आलेली, डोक्याला रुमाल बांधलेली, मोडकंतोडकं बोलणारी म्हातारी. मागून हसण्याचे आवाज यायचे.

व्हेल्माने त्याला फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"ग्लेन, ते माझं आहे," ती म्हणाली.

पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आवाज तुझा, हे कबूल. पण तो आवाज काय बोलायचा?"

थोड्याच दिवसांत चॅनलच्या वकिलाचा लाइलला फोन आला. जजचं नाव कायद्याने आता चॅनलचं आहे. कुचेरा बाईंनी ते नाव घ्यायचं नाही, तो चेहरा दाखवायचा नाही, तो आवाज काढायचा नाही. लाइलने हे सगळं आम्हाला सांगितलं ते दारात उभं राहून, म्हणजे पळायला सोपं.

व्हेल्माने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मला फारसं आवडलं नाही.

"आर्लीन," ती म्हणाली, "तुझा भाऊ अकॉर्डियन वाजवतो ना अजून? त्याची पेटी हवी. वाद्य नको, नुसती पेटी."

पुढच्या गुरुवारी कोर्ट भरलं नाही. टेबलावर काळं कापड होतं, त्यावर झाकण लावलेली अकॉर्डियनची पेटी, आणि दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. व्हेल्मा काळ्या कपड्यांत शेजारी बसली होती. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "गावाला कळवायला वाईट वाटतं. आपले स्नेही गेले. ज्यांना शेवटचं भेटायचं असेल त्यांनी स्टुडिओत यावं. दार उघडं आहे."

नाव घेतलं नाही, चेहरा दाखवला नाही, आणि आवाजाचा तर प्रश्नच नव्हता.

मला वाटलं होतं दोनचार टवाळ पोरं येतील. पण बेनिश खाटीक आला. टोपी हातात घेऊन पेटीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्यामुळे माझी अब्रू गेली. पण माणूस खरा होता. महिनाभर खाल्ले मी ते सॉसेज. त्यानंतर मसाला बदलला."

"कसा गेला हो?" त्याने व्हेल्माला विचारलं.

"शहरात गेला होता," व्हेल्मा म्हणाली. "तिथलं पाणी मानवलं नाही."

"फार हाल झाले का?"

"शेवटी शेवटी ओळखायलाच येत नव्हता. सुजला होता. गालिचे, गालिचे असं बरळायचा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. व्हेल्माने तिकडे असं पाहिलं की तो माणूस खाली मान घालून उभा राहिला. तिला हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. लोकांच्याही आलं असावं. रांग रस्त्यापर्यंत गेली. बायका झाकलेली भांडी घेऊन आल्या, मयताच्या घरी नेतात तशी. एकेक जण उभं राहून सांगत होतं, आपल्याला काय शिक्षा झाली होती आणि ती कशी बरोबर होती. कौन्सिलर साहेब आले नाहीत, पण त्यांची बायको आली. म्हणाली, "त्या खड्ड्यासाठी मी स्वतः फोन केला होता. हे घरी कुणाला माहीत नाही." आता ते सगळ्या गावाला माहीत झालं.

मग रांग आपसूक बाजूला सरकली आणि ग्लेनची आई आत आली.

झुझाना हुदाक. काळा कोट, डोक्याला काळा रुमाल, हातात खसखस भरून भाजलेला गोड पावाचा रोल. व्हेल्माने तिला बोलावलं नव्हतं. तिला पाहताच व्हेल्मा उठून उभी राहिली. मी कॅमेरा म्हातारीच्या चेहऱ्यावर नेला आणि तिथेच ठेवला.

म्हातारीने रोल पेटीशेजारी ठेवला. झाकणावरून हात फिरवला.

"मी ह्याला लहानपणापासून ओळखते," ती म्हणाली. तिच्या बोलण्यातला तो जुन्या देशाचा हेल, ज्याच्यावर शहरात हसतात, तसाच होता. "पोर हुशार. आवाज चांगला. मी काचेच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करून ह्याला शिकवलं. मग हा मोठा झाला आणि माझ्या बोलण्यावर लोकांना हसवून पैसे घ्यायला लागला."

तिने रुमालाची गाठ घट्ट केली.

"मुलगा असा गेला की आई रडते," ती म्हणाली. "मला रडू येत नाही. काय करू?"

व्हेल्माने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. कार्यक्रमाची वेळ संपली होती, तरी लाइलने प्रक्षेपण चालू ठेवलं. आयुष्यात नियम मोडल्याची त्याची ती एकच वेळ.

त्या कार्यक्रमाची कॅसेट गावात हातोहात फिरली, मग शेजारच्या गावांत. शनिवारी ग्लेन एका गालिच्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला गेला. मखमली जज हातावर चढवून तो बाहेर आला, तर समोर लोक काळ्या फिती लावून उभे. एका बाईने त्याचा हात दाबून सांगितलं, "सांभाळ स्वतःला." लहान मुलं जजला विचारत होती, "तुम्ही मेलात ना?" ग्लेन खडूस आवाजात काही विनोद करायला गेला. एका मुलीला रडू फुटलं. भूत, भूत करत ती आईला बिलगली.

सगळीकडे तेच. तो जाईल तिथे लोक सांत्वन करायचे, टोप्या काढायचे. दुकानदारांनी नको म्हटलं. मेलेल्याच्या तोंडून कोण गालिचा घेणार? चॅनलच्या वकिलाने फोनवर बरीच आदळआपट केली. लाइलने त्याला विचारलं, "आमच्या बाई पेटीजवळ बसल्या होत्या. यातला कायदा कुठला मोडला?" वकिलाने फोन ठेवला. वसंत ऋतू यायच्या आत ग्लेनचा कार्यक्रम बंद झाला.

त्यानंतर एके दुपारी ग्लेन स्टुडिओत आला. व्हेल्मा जमिनीवर बसून तारा गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"फार लांब नेलंस हे, व्हेल," तो म्हणाला.

"तू किती लांब गेला होतास?"

"मी काय खून केला का कुणाचा? संधी आली, गेलो. तू पण गेली असतीस."

"मला कुणी बोलावलं नाही. आणि तू माझं नावही सांगितलं नाहीस तिथे. एकदाही. मी विचारलं चॅनलवाल्यांना."

त्याने टेबलाचा खण उघडून बंद केला. मग म्हणाला, "आईला कशाला आणलंस मध्ये?"

तेव्हा कुठे व्हेल्माने मान वर केली. "मी नाही आणलं. ती आपल्या पायाने आली. तू नक्कल करून तिला शहरात नेलंस, तशी ती इथे आली."

ग्लेन टेबलाच्या कडेला टेकला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आर्लीन, तू सांग हिला. हिचा कार्यक्रम माझ्याशिवाय चालतोय का?"

खरं सांगायचं तर चालत नव्हता. व्हेल्मा आता स्वतःच निकाल वाचून दाखवायची. शब्द पूर्वीसारखेच धारदार होते, पण ते ऐकून कुणाला आजोबा आठवत नव्हता. मी कॅमेऱ्याची काच पुसत राहिले.

"मला परत घे," तो म्हणाला. "नवीन बाहुला कर. नाव वेगळं ठेव."

"मला तो आवाज फार आवडायचा," व्हेल्मा म्हणाली. तार गुंडाळता गुंडाळता अगदी सहज म्हणाली. "बस चालवताना मनात वाक्यं तयार व्हायची, ती त्याच आवाजात. अजूनही होतात. पण ती तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी मुकी राहीन. चॅनल गावाचं आहे, तुला हवी ती वेळ माग. लाइल देईल."

त्याने मागितली. मंगळवारी दुपारची मिळाली. एकटाच बसून काहीबाही विनोद करायचा. एकदाही फोन वाजला नाही, आणि थोड्या दिवसांनी त्याने येणं सोडलं.

व्हेल्माचं कोर्ट मात्र बरीच वर्षं चाललं. पूर्वीची गंमत त्यात परत आली नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का. ती म्हणाली, "होतो. पहिल्याच आठवड्यात मारायला हवा होता, मी उगीच वाट पाहिली."

ग्लेन आईकडेच राहिला. गावातल्या दुसऱ्या, चालू असलेल्या बुटांच्या दुकानात आपल्या जुन्या नोकरीवर पुन्हा लागला, हिवाळ्यात तिच्या अंगणातला बर्फ काढायचा. झुझानाबाईंनी त्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त दर गुरुवारी सात वाजता त्या टीव्ही लावायच्या, आवाज मोठा करायच्या, आणि सोफ्यावर आपल्या शेजारची जागा हाताने थोपटायच्या. तो येऊन बसेपर्यंत थोपटत राहायच्या.