तीन वाजून बारा मिनिटांचा निरोप

नवरा मला काळजीवाहू सरकार म्हणतो. गॅसचा कॉक बंद केल्यावर मी परत जाऊन बघते, आणि बघितलं होतं की नाही हे आठवेना म्हणून तिसऱ्यांदा जाते. कॉक दर वेळी बंदच असतो. हात आपलं काम उरकून मोकळे होतात. आठवण तेवढी मागे रेंगाळत राहते.

भिंगरी झाल्यापासून हे वाढलं. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, वय साडेतीन, एका जागी बसेल तर शपथ. ती दोन महिन्यांची असताना एका दुपारी आमच्या इमारतीत गॅसचा वास पसरला. सगळे जिने उतरून रस्त्यावर जमलो. जो तो दुसऱ्याला विचारत होता, "सगळे आले ना?" आणि जो तो मान हलवत होता. तासाभराने वास गेला, वर गेलो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या कमी ऐकू येणाऱ्या आजी दारात उभ्या. म्हणाल्या, "आज इमारत कशी शांत होती! छान झोप लागली बाई." लोक हसले. मी नाही हसले. त्या दिवसापासून कुणाच्या दाराची कडी अडकते, कोण दुपारी झोपतं, कुणाला जिना उतरवत नाही, ते सगळं माझ्या डोक्यात मुक्कामाला आलं आणि परत गेलंच नाही.

म्हणून ती जाहिरात दिसली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्या डोक्यात डोकावून लिहिली आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि एकाच विद्यार्थ्याला पूर्ण शिष्यवृत्ती. फी, पुस्तकं, मूल असेल तर त्याच्या पाळणाघराचा खर्चसुद्धा. वयाची अट तीस. मला एकोणतीस पूर्ण होऊन सात महिने झाले होते. म्हणजे हे वर्ष, नाहीतर नाहीच. शिष्यवृत्तीशिवाय तर प्रश्नच नव्हता.

"घरात रोज काय कमी आपत्ती असतात," सासूबाई म्हणाल्या, "की त्या शिकायला कॉलेजात जायचं?"

"आई, आपत्ती मी पुरवतो," नवरा म्हणाला. "व्यवस्थापन तेवढं ती शिकून येईल."

सासूबाईंनी त्याला लाटणं दाखवलं. पण फॉर्मवर लावायचा फोटो त्यांनीच बदलायला लावला. "हा नको गं, यात तू घाबरलेली दिसतेस." मी दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांत तशीच दिसत होते. शेवटी त्यांनी त्यातल्या त्यात कमी घाबरलेला निवडला.

मुलाखतीला सहा जणांना बोलावलं होतं. त्याच दिवशी सासूबाईंना डोळे तपासायला जायचं होतं, नवरा कामासाठी बाहेरगावी. पत्रात लिहिलं होतं, तळमजल्यावर मुलांना सांभाळायची सोय आहे. भिंगरीला तिथल्या ताईंच्या ताब्यात देताना मी खिडक्या मोजल्या, तीन. दारं मोजली, दोन. "मॅडम, मी वीस वर्षं हेच करतेय," ताई म्हणाल्या. मी "हो हो" म्हटलं आणि मागचं दार उघडतं का ते हळूच ढकलून पाहिलं. उघडत होतं.

वरच्या मजल्यावर एक लांबरुंद दालन होतं. मधोमध मोठं टेबल, आणि त्यावर एक अख्खं गाव. लाकडाची घरं, काडेपेटीएवढी शाळा, इवलासा पूल. नदी म्हणजे निळं कापड, पाणी वाढलं की ते आणखी उलगडायचं. माणसं म्हणजे शर्टाची बटणं. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरपं येऊन त्या गावावर पडलं होतं, आणि घरांच्या सावल्या इतक्या खऱ्या होत्या की बराच वेळ पाहिलं तर एखाद्या ओट्यावर कुणीतरी येऊन बसेल असं वाटावं.

परीक्षक दोघं. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक साहेब, आणि संस्थेच्या एक मॅडम. आम्हा सहाही जणांना गावाचा एकेक भाग वाटून दिला होता, आणि प्रत्येकापुढे एक फोन आणि नोंदीचा एक कागद होता. माझ्या शेजारी एक नर्स बसली होती. शेजारच्या खोलीतून संस्थेचे जुने ऑपरेटर निरोप देणार होते. त्यांना सगळे हॅलोकाका म्हणत.

"एक नियम," साहेब म्हणाले. "प्रत्येक निरोप 'सराव' या शब्दाने सुरू होईल आणि त्याच शब्दाने संपेल. ज्यात तो शब्द नाही, तो निरोप खरा समजायचा. जगात सगळीकडे असंच चालतं."

मग सुरू झालं. "सराव. नदीचं पाणी घाटाच्या पायऱ्यांपर्यंत. सराव." "सराव. पुलाला तडा. सराव." हॅलोकाकांचा आवाज असा मऊ, संथ, की पूरसुद्धा अंगाईसारखा ऐकू यावा. मी पूल बंद केला, शाळेची बटणं टेकडीवर नेली, कागदावर वेळ टाकत गेले. निळं कापड हळूहळू उलगडत होतं. हळूहळू मला टेबलाची कड दिसेनाशी झाली. मी त्या गावातच होते, पाण्याच्या काठाने चालत होते, आणि दारामागे कोण कोण झोपलंय ते मला ठाऊक होतं.

फोन वाजला.

"तळमजल्यावर मुलांच्या खोलीत धूर दिसतोय."

आणि खट्. फोन बंद.

टेबलावरच्या शाळेलाही तळमजला होता, तिथेही मुलांची खोली होती. पण शब्द नव्हता. पुढे नव्हता, मागे नव्हता. त्यानंतरचं मला आठवतं ते पाण्याखालून पाहिल्यासारखं. खुर्ची मागे सरकली, पण आवाज आला नाही. दालनाचं दार फार लांब गेलं होतं. जिना उतरताना मी पायऱ्या मोजत होते, आणि त्या संपतच नव्हत्या. चौदा, पंधरा, सोळा. मला भिंगरीचा वास येत होता, केसांचा, साबणाचा, आणि मी त्यात धूर शोधत होते.

दार उघडलं.

पांढरे पडदे वाऱ्याने फुगत होते, पडत होते. पंखा फिरत होता. गादीवर मुलं ओळीने झोपलेली. भिंगरी शेवटून दुसरी, तोंड उघडं, एक मोजा पायात, एक मुठीत. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी उभ्याउभ्या मुलं मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच. धूर कुठेच नव्हता. इतकी शांत खोली मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्या शांततेतच मला कळलं की मी परीक्षा सोडून आले आहे.

वर आले तर हॅलोकाका दारात, कानांपर्यंत लाल झालेले. "अहो बाई, चहा आला आणि शब्द गेला! तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. निरोप त्या गावाचाच होता हो, टेबलावरच्या."

मी जागेवर बसून, कागदावर वर काय आहे ते न बघताच, परतल्याची नोंद केली. निळं कापड शाळेच्या दारापर्यंत आलेलं होतं.

शेवटी एकेकाला आत बोलावलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुमच्यापासून दहा पावलांवर होतो. मला हाक का मारली नाहीत?"

"सुचलं नाही," मी म्हटलं.

"बरं. मुलगी खाली आहे म्हणून गेलात, की शब्द नव्हता म्हणून?"

"दोन्ही."

"शब्द असता तर?"

इथे छान काहीतरी बोलता आलं असतं. घरी आरशासमोर तशी वाक्यं मी घोकलीही होती. "दाराकडे बघत राहिले असते," मी म्हटलं. "पण बसून राहिले असते. बहुतेक."

"बहुतेक?"

"खरं सांगायचं तर बहुतेकच."

त्यांनी काहीतरी लिहिलं. माझं हे वर्ष त्या पेनाच्या टोकाशी संपलं असं मला वाटलं. तेवढ्यात मॅडमनी माझा नोंदीचा कागद पुढे सरकवला. "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

अक्षर माझंच होतं, जरा वाकडं.

'३.१२. मुलांची खोली, तळमजला, धूर. सराव शब्द नाही. सुरुवातीला नाही, शेवटी नाही. माझा फोन नर्सकडे दिला. पूल बंदच ठेवायचा. मी बघायला जाते.'

त्याखाली, '३.१९. परत. धूर नाही. मुलं सात, सगळी झोपलेली.'

खालची नोंद मला आठवत होती. वरची लिहिल्याचं अजिबात नाही. मी वळून काचेतून बाहेर पाहिलं. माझ्या शेजारी बसलेली नर्स बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. नंतर तिलाच विचारलं.

"मी खरंच तुला फोन दिला?"

"दिलास म्हणजे? हातात कोंबलास!" ती म्हणाली. "वर दम दिलास, पूल उघडलास तर बघ. मी घाबरून तुझा पूल शेवटपर्यंत उघडला नाही बाई. माझ्या बाजूला मात्र अकरा बटणं बुडाली."

पण ते नंतर. तेव्हा आत साहेबांनी चष्मा पुन्हा लावून तो कागद वाचला. मग कुणाला उद्देशून नाही, कागदालाच म्हणाल्यासारखे म्हणाले, "हाक मारायची असते. ते शिकवता येतं."

आणि मला जायला सांगितलं.

खाली भिंगरी जागी झाली होती. "आई, तू आली होतीस?" तिने विचारलं.

"तू तर झोपली होतीस."

"तरी आली होतीस," ती म्हणाली, आणि मुठीतला मोजा माझ्या हातात दिला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सासूबाई चष्मा शोधायला गेल्या, नवऱ्याने माझ्या हातातून ओढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, 'कळवण्यास आनंद होतो की', आणि पुढे त्याला वाचता येईना. भिंगरी सगळ्यांच्या पायांतून गोल गोल फिरत होती. मी पत्र परत घेतलं. पहिली ओळ पाहिली. मग शेवटची. मग पुन्हा पहिली.

"आता काय शोधतेस?" नवरा म्हणाला.

मी संस्थेला फोन लावला. तिकडून तोच मऊ, संथ आवाज आला. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं.

"सराव नाही," हॅलोकाका म्हणाले. "शिष्यवृत्ती तुम्हालाच मिळाली आहे बाई, पहिल्या सोमवारी हजर व्हायचं." मग घसा खाकरून, जरा थांबून, अगदी नियमाप्रमाणे शेवटीही म्हणाले, "सराव नाही."