भिंत आणि दोन बोटं

आमच्या तोचिदाइरा गावात लेकरांच्या हाती अक्षरं यायच्या आधी पायांत स्की येतात. पहिलं अक्षर गिरवायच्या आधी मी एक गाणं शिकले होते. तेही भिंतीच्या माथ्यावर, रडत रडत, इसाकु मिस्त्रींचं बोट धरून.

एक काठी निजली बाई, बर्फात उमटली
एक उभी तिच्या पायी, ताठ मानेनं नटली
एक आली माथ्यावरून, गळ्यात गळा घाली
गळा जुळला, तीस गं, मोजणी पुरी झाली
बोट उरलं, एकतीस. दोन उरली, बत्तीस
तीन उरली, तेहेतीस, आईला का शोधतीस?

भिंत म्हणजे आमच्या डोंगराचा सगळ्यात उभा उतार. माथ्यावरून खाली बघितलं की वाटतं, जमीन संपली आणि पुढे नुसतं आभाळ आहे. पायथ्याशी उभं राहून बघितलं तर तीच भिंत कुणी गादी कलती करून ठेवल्यासारखी दिसते. ज्याला खाली जायचं असतं त्याला ती नेहमी दहा अंश जास्त वाटते, आणि जो खाली चहा पीत बसलेला असतो त्याला दहा अंश कमी. म्हणून तर मिस्त्री मला त्या दिवशी म्हणाले होते, "सायो, घाबरायचं असेल तर मोजून घाबर. उगाच जास्त कशाला घाबरायचं?"

मग त्यांनी मोजायला शिकवलं. एक काठी उताराच्या दिशेनं बर्फावर आडवी दाबायची, की तिचा ठसा उमटतो. तीच काठी उचलून ठशाच्या खालच्या टोकाशी सरळ उभी करायची. दुसऱ्या काठीचं टोक ठशाच्या वरच्या टोकाशी टेकवायचं आणि तिला पहिलीकडे कलती करायची. दोघींची डोकी बरोबर जुळली, तर उतार तीस अंश. दुसरीचं डोकं बोटभर वर उरलं, तर एकतीस. प्रत्येक बोटाला एक अंश. त्या दिवशी तीन बोटं उरली होती. मी मोजून घाबरले, आणि मोजूनच उतरले.

ही गोष्ट त्यानंतर चौतीस वर्षांनी घडली. तोवर मी लाल जाकीट घालून त्याच डोंगरावर गस्त घालायला लागले होते, आणि मिस्त्री सत्त्याहत्तरचे झाले होते. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा गुडघा बदलला होता. तेव्हा किनूमावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डॉक्टरांना खिंडीत गाठलं होतं.

"स्की करू दे म्हणता. पण किती उतारावर? आकडा सांगा."

डॉक्टर ओकिनावाचे, म्हणजे दक्षिणेकडच्या उबदार बेटांवरचे. त्यांनी बर्फ बघितला तो नोकरी लागल्यावर. त्यांनी छताकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तीस अंश. त्याच्या वर नको."

घरी आल्याबरोबर मावशींनी कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात ठळक 'तीस' लिहिलं. महिन्याचं पान फाडलं तरी तो आकडा राहावा म्हणून दर महिन्याला पुन्हा लिहीत होत्या.

सगळा हिवाळा मिस्त्री खालच्या उतारावर शहाण्या मुलासारखे फिरले. पण मार्चचा शेवटचा रविवार आला. वरची एकेरी खुर्च्यांची जुनी लिफ्ट त्या दिवशी शेवटची चालणार होती. उन्हाळ्यात तिचे खांब काढणार, आणि तिच्याशिवाय भिंतीच्या माथ्यावर कुणाला जाता येणार नाही. भिंतीवरची झाडं तरुणपणी मिस्त्रींनीच तोडली होती. वरची खोपही त्यांच्याच हातची. त्यांना एकदा, शेवटचं, तिथून खाली यायचं होतं. बस, एवढंच.

"पाटीवर तेहेतीस लिहिलंय," मावशी म्हणाल्या. आम्ही लिफ्टच्या रांगेत होतो.

"ती पाटी गवतावर मोजून लिहिलीय. यंदा बर्फ बघ की! भिंतीच्या पायथ्याशी किती भरलाय. खाली भरला की उतार निजतो. पोट सुटलेला माणूस सदऱ्यात कमी उभा दिसतो, तसं."

"पोटाचं तुम्ही सांगू नका. सायो मोजेल. तीस भरले तर भिंत. एक बोट जरी वर उरलं तर मुकाट्यानं जंगलातल्या वाटेनं यायचं. कबूल?"

"कबूल."

"सायो, तू ऐकलंस हं."

मी ऐकलं होतं. लिफ्ट चालवणारा गोहेईही ऐकत होता. तो मिस्त्रींच्या वर्गातला.

"इसा, येणार कसा रे वरून? पायांनी की पाठीनं?"

"तू तुझी लिफ्ट बघ. आयुष्यात ती तरी तुझ्यापेक्षा जास्त वर गेलीय."

मावशी पहिल्या खुर्चीत बसल्या, मिस्त्री दुसऱ्या, मी तिसऱ्या. एकेरी खुर्चीचा एक गुण आहे: माणूस तिच्यात अगदी एकटा असतो. खाली झाडांच्या बुंध्यांभोवती बर्फ वितळून खळगे पडले होते, बुंध्यांनी ऊब घेऊन बर्फाला जरा बाजूला सरकवलं असावं तसे. पुढच्या खुर्चीत मिस्त्रींची पाठ दिसत होती. अंगात जुनी निळी सुती बंडी, पाठीवर त्यांच्याच सुतारांच्या मंडळाची खूण. ते एका हातानं हवेत काहीतरी आखत होते. भिंतीवरची आपली वळणं ते आधीच घेत होते.

ते बघून माझ्या हातांनी जे केलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. माझ्या काठ्या नव्या धर्तीच्या, कमीजास्त लांब करता येणाऱ्या. मी एकीची कळ सैल केली, काठी तीन बोटं आत सारली आणि कळ पुन्हा आवळली. पाटीवर तेहेतीस, तीन बोटं कमी, म्हणजे बरोबर तीस. गेल्याच आठवड्यात मिस्त्रींना खालच्या उतारावर मांजरासारखं उतरताना बघितलं होतं मी. तीन बोटांनी कुणाचं काय बिघडतं, असं मनाला समजावलं.

माथ्यावर वारा नव्हता. ऊन बर्फावर दुधासारखं सांडलं होतं. भिंतीच्या कडेपासून थोडं खाली, जिथे ती सगळ्यात उभी असते, तिथे मी काठी दाबली. ठसा उमटला. पहिली उभी केली, दुसरी, आखूड केलेली, कलती केली. मावशी वाकून बघत होत्या. मिस्त्री बघतच नव्हते. ते दूरच्या कड्यांकडे तोंड करून उभे होते, शाळेत निकाल लागताना मुलं उभी राहतात तसे.

डोकी जुळली नाहीत. दुसरीचं डोकं पहिलीच्या डोक्याच्या बोटभर खालीच राहिलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकोणतीस."

मावशींनी पुन्हा वाकून बघितलं, हातमोजा काढून आपलं बोटही लावून बघितलं. मग सुस्कारा टाकला. "एकोणतीस तर एकोणतीस. जा बाई एकदाचे. टोपी नीट घाला."

मिस्त्री जागचे हलले नाहीत.

"किती म्हणालीस?"

"एकोणतीस, मिस्त्री."

"ही? भिंत?"

"अहो, जा म्हणतेय ना मी!" मावशी म्हणाल्या. "माझं मन बदलायच्या आत जा."

"एकोणतीस!" मिस्त्रींचा चेहरा असा झाला, की जणू त्यांच्या पोरीला कुणी काळी म्हटलं. "बालवाडीची पोरं घसरतात तो उतार पंचवीस आहे. त्याच्याहून ही चारच बोटं उभी? या भिंतीवर मी दात पाडलाय. गोहेईनं लग्नाच्या आदल्या दिवशी हात मोडून घेतलाय. दहा पावलं पुढे गेलं तर सहा पावलांहून जास्त खाली नेते ही. माझ्या तळपायाला कळतंय. एकोणतीस कशी असेल?"

"तुम्हीच म्हणालात ना, बर्फ भरलाय म्हणून!"

"भरलाय. पण एवढा नाही. सायो, दे त्या काठ्या इकडे."

मी काठ्या दिल्या. दुसरं काय करणार होते? त्यांनी त्या आपल्या स्कीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि एक डोळा मिटला. खरं तर डोळा मिटायचीही गरज नव्हती.

"या दोघी सख्ख्या बहिणी नाहीत," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं, बर्फ फाटावा आणि मला पोटात घ्यावं. किनूमावशी एकदा काठ्यांकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. माझे कान जाकिटाहून लाल झाले असणार.

"मिस्त्री, मी... मला वाटलं, शेवटचा दिवस आहे..."

"वेडी कुठली." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "वासा तीन बोटं आखूड कापला तर घर त्या दिवशी पडत नाही गं. पण घरातली माणसं त्याच्याखाली झोपतात. लांब कर ती. मोज नीट."

मी लांब केली आणि मोजलं. दुसरीचं डोकं पहिलीच्या वर दोन बोटं उरलं. मावशींनी बोटं लावली. दोन. मिस्त्रींनी लावली. त्यांची सुताराची जाड बोटं, तरी दोन.

"बत्तीस!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? पाटी तेहेतीस, यंदा बर्फ जास्त, म्हणून बत्तीस! एक बोट निजलीय, एकच! बघितलंस किनू? माझा अंदाज..."

आणि मग ते थांबले. बत्तीसचा अर्थ त्यांना आत्ता कळला होता.

खाली लिफ्टचं चाक कुरकुरत होतं. मिस्त्रींनी टोपी काढली, भिंतीकडे बघून मान जराशी लववली, टोपी परत घातली आणि जंगलातल्या वाटेकडे स्की वळवल्या. कबूल म्हणजे कबूल.

"थांबा," किनूमावशी म्हणाल्या.

त्या अजून दोन काठ्यांकडेच बघत होत्या. "अहो, आपल्या देवळाचं छप्पर किती उभं आहे?"

"दहाला सहा. का?"

"आणि कोपऱ्यातून तिरका जातो तो वासा?"

"कोनवासा? तो दहाला सहा कसा असेल? तो तिरका जातो म्हणजे लांबून जातो. तेवढंच खाली उतरायचं, पण जास्त चालून. तो नेहमीच छपरापेक्षा निजलेला..."

मिस्त्रींचं तोंड उघडंच राहिलं.

"लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात," मावशी मला सांगू लागल्या, "यांनी सबंध संध्याकाळ मला हे समजावलं. मी दोरीचं दुसरं टोक धरून उभी. भात करपला. मला वाटलं, या माणसाबरोबर जन्म काढायचा? आज पहिल्यांदा त्याचा उपयोग होतोय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टरांनी तीस अंशांच्या उतारावरून उतरा म्हटलंय. नाकासमोर पडा असं कुठे म्हटलंय?"

त्यांनी काठीनं भिंतीवर एक तिरकी रेघ ओढली. मी तिच्यावरून मोजलं. या वेळी कळ दोनदा तपासली. दुसरी काठी पहिलीच्या डोक्यापर्यंत पोचलीच नाही. सहा बोटं कमी पडली.

"चोवीस," मी म्हणाले.

"चोवीसच?" मिस्त्री कुरकुरले. "चोवीस म्हणजे अगदीच..."

"अहो!"

"चोवीस, चोवीस. छान आहे."

"आणि वळताना?" मी विचारलं. माझं लाल जाकीट आता जागं झालं होतं. "वळताना स्की खाली तोंड करतात. तेवढा वेळ बत्तीसच."

"वळायचं कशाला? मी पुढे जाते. प्रत्येक टोकाला बर्फ तुडवून ओटा करते, जिन्याला असतो तसा. तिथे थांबायचं, पावलं टाकत तोंड फिरवायचं, पुढे निघायचं. माझ्या रेघेच्या बाहेर एक वीत जरी गेलात, तर रात्रीचा भात तुम्ही करायचा."

"तुला जमेल?"

"पोरगी होते तेव्हा या डोंगरावरून दुधाचे कॅन उतरवलेत मी. तुम्ही कॅनपेक्षा हलके आहात."

आणि त्या निघाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या किनूमावशी, पाठीवर डब्याचं गाठोडं, पाय जुळवून, सुईनं कापड छेदत जावं तशा भिंतीवरून तिरक्या गेल्या. टोकाला थांबल्या. थप थप थप, बर्फ तुडवला. हात वर केला.

मिस्त्री निघाले. ताठ, डोळे पुढे. ओट्यावर पोचले, अंगणात उभं राहावं तसे उभे राहिले, पावलं टाकत वळले. तोवर मावशी दुसऱ्या रेघेवर. असं सातदा झालं. मी सगळ्यात मागे. मधूनच मिस्त्रींचा आवाज वर यायचा: "किनू, इथे जरा उभी काढलीस हं!" आणि मावशींचा: "गपचूप चला!"

खालून गोहेईनं लिफ्टचा भोंगा तोंडाला लावला. "मिस्त्री, भिंत शिवताय का? टाके जवळ जवळ घाला, उसवेल!"

सातव्या ओट्यावरून शेवटची रेघ सपाटीला लागत होती. मिस्त्री तिच्यावरून आले, थांबले आणि मागे वळून वर बघू लागले. बर्फावर आठ रेघा, एकीला एक जोडलेल्या, उन्हात चमकत होत्या. भिंत खालून नेहमीसारखीच गादीसारखी दिसत होती.

मावशींनी गाठोडं सोडून पानात गुंडाळलेला तांदळाचा उंडा त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी न बघताच खाल्ला.

"सायो," शेवटी ते म्हणाले, "पाटी काढतील तेव्हा मला आणून दे. तेहेतीसचे बत्तीस करायचेत. यंदाच्या बर्फाचं यंदा लिहिलं पाहिजे."

"आणते. आणि मिस्त्री, ते काठ्यांचं..."

"काठ्यांचं काय? सख्ख्या झाल्या ना आता? मग झालं."

किनूमावशी तोवर लिफ्टपाशी पोचल्या होत्या. "गोहेई, ही बंद किती वाजता करतोस?"

"चारला. अजून पस्तीस मिनिटं आहेत. का गं?"

"ओटे सात केलेत, एवढे तुडवून. एकदाच वापरायचे?" आणि त्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसल्यासुद्धा. "अहो, येताय ना? की जंगलातल्या वाटेनं घरी जाताय?"

मिस्त्रींनी तोंडातला घास घाईघाईनं गिळला आणि दुसरी खुर्ची पकडायला धावले. नवा गुडघा जुन्यालाही मागे टाकत होता.