डावीकडचं दार

"गॅसचं वेल्डिंग मारून टाका की मामा. किती खेळत बसताल त्याच्यासंगं?" लिंबाखालच्या बाजेवर पडल्या पडल्या सोनाजी म्हणाला.

मल्हारीनं मान वर केली नाही. "वेल्डिंग मारलं की दार जल्मात निघायचं नाय, पाव्हणं. मोडकं आत ठिवून वरनं झाकायचं, ते काम आपल्याकडं नसतं."

पडेगावला दौलताबादच्या रस्त्याकडेला मल्हारीचं गॅरेज होतं आणि त्याला पाठ लावून घर. अधिक महिना चालू होता. लेक मंजुळा आणि जावई सोनाजी देवगाव रंगारीहून धोंड्याच्या जेवणाला आले होते. सकाळी मल्हारीनं पितळी परातीत जावयाचे पाय धुतले, त्याच्या बायकोनं, सखूबाईनं पदरानं पुसले आणि पुरणाचे धोंडे वाढले. जेवून ढेकर दिल्यावर जावयानं काम सांगितलं. त्याच्या काळीपिवळी जीपचं डावीकडचं दार लोंबत होतं. वरच्या बिजागरीचा बोल्ट मोडून अर्धा आतच राहिला होता.

जेवताना मल्हारीला एक गोष्ट खटकली होती. मंजुळाचा उजवा हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेला होता आणि ती डाव्या हातानं घास घेत होती. त्या हाताची नखं मेंदीनं लाल होती.

"वरवंटा पडला, आबा," ती म्हणाली आणि एकवार नवऱ्याकडे बघून ताटात बघू लागली.

"बायकांचं ध्यानच नसतं," सोनाजी म्हणाला आणि हसला. सखूबाईही हसली, कारण जावई हसत होता.

वीज गेली होती म्हणून मल्हारीनं हातानं फिरवायचं ड्रिल काढलं. मोडलेला बोल्ट काढायला जोर फार लागत नाही, धीर लागतो. डोकंच तुटलेलं असतं, पान्याला धरायला काही उरलेलं नसतं. आधी डिझेल सोडायचं आणि भिजू द्यायचं. मग बरोबर मधोमध पंच ठोकून बारीक भोक पाडायचं, त्यात चौकोनी टोकाची सळई ठोकून बसवायची आणि हळूहळू उलटं फिरवायचं. घाई केली तर गाडीच्या अंगातले आटे जातात. मग तुटका निघतो, पण तिथं दुसरा कधी बसत नाही.

सळई कुरकुरली. तुकडा जरा हलला, अडला, पुन्हा हलला आणि मल्हारीच्या तळहातावर आला.

"कशानं मोडला म्हणलात?"

"जुना झालता. गंजला."

मल्हारीनं तुकडा उन्हात धरला. गंजून तुटलेला बोल्ट आतून काळा असतो. हा लखलखीत होता आणि एका अंगाला वाकलेला. बिजागरीच्या फटीत काही अडकलेलं असताना दार जोरानं लोटलं, तरच बोल्ट असा मोडतो. त्यानं दार बाहेरून पाहिलं. पत्र्याला टाचेएवढा पोचा होता. सकाळी त्याला वाटलं होतं, बैलानं लाथ मारली असेल.

मग त्यानं फटीतलं रबर बोटानं उचललं. आत रक्त वाळून काळं झालं होतं. त्यात एक नख चिकटलेलं होतं. अख्खं, मुळापासून उपटलेलं, मेंदीनं लाल.

हातोडी त्याच्या गुडघ्याशीच होती. बाजेवर सोनाजीनं डोळे मिटले होते आणि त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. मल्हारीनं त्या शिरेकडे बराच वेळ पाहिलं. मग नख रुमालाच्या गाठीत बांधलं, नवा बोल्ट घेतला आणि आवळून बसवला. काम अर्धं टाकून तो कधी उठत नसे.

"पाव्हणं, या जरा. फटीत बोटं घालून बघा, बिजागरी हलती का."

सोनाजी आळस देत आला आणि त्यानं चारी बोटं फटीत घातली. मल्हारीनं दार लोटलं आणि खांदा लावला.

"मामा. बोटं हायत माझी."

"व्हय. ठावं हाय."

"मामा, दार सोडा."

"ती उतरत हुती तवा लाथ मारली का?"

"कोण? काय बोलताय..." मल्हारीनं अंगाचा भार टाकला. सोनाजी गुडघ्यावर आला. मोकळ्या हातानं त्यानं सासऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. मल्हारीचा ओठ फुटला, पण खांदा हलला नाही. फटीतून रक्त पिवळ्या रंगावर ओघळलं.

"माहेरला जाते म्हणाली," सोनाजी ओरडला. "भर स्टँडवर, चार मान्सांत. गाडीच्या दाराचा खांब धरून बसली, सोडंना."

"मंग?"

"मारली लाथ."

"येकदाच?"

सोनाजीनं हात ओढून बघितला. मल्हारीनं पाय रोवले. बोटाचं हाड मोडल्याचा बारीक आवाज झाला आणि सोनाजी गुरासारखा हंबरला.

सखूबाई घराच्या दारातच थिजली. मंजुळा मात्र चालत आली.

"आबा, सोडा त्याला."

"तुला त्याची कीव येती, मंजुळे?"

"नाय." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "पार हात गेल्यावर गाडी कशी नेईल? मग इथंच पडून राहील. जाऊ द्या त्याला. मी जात नाय."

मल्हारीनं खांदा काढला.

सोनाजीनं चिरडलेला हात काखेत दाबला. शिव्या देत, पोलिसांचं नाव घेत तो गाडीत चढला आणि एका हातानं चाक फिरवत निघून गेला. डावीकडचं दार घट्ट बसलेलं होतं.

सखूबाईनं ओसरीवरची परात उचलली. पाय धुतलेलं पाणी अजून तसंच होतं त्यात, जावयाचं म्हणून तिनं सांडलं नव्हतं. ते तिनं रस्त्यावर भिरकावलं, परात राखेनं घासली आणि स्वच्छ पाणी भरून मल्हारीपुढं ठेवली.

मंजुळानं उजवा हात परातीत ठेवला. फडकं जखमेला चिकटून वाळलं होतं. मल्हारीनं ते ओढलं नाही. ओंजळीनं पाणी सोडत, ते भिजायची वाट बघत तो बसून राहिला.