डबीचं भोक

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटायची गरज नाही, उघड्या डोळ्यांनीही छान दिसतं. एक शिंप्याचं दुकान आहे. शिलाईयंत्र, कात्री, फळीवर कापडाचे तागे. आणि ताग्यांच्या मधोमध, जिथे आणखी एक तागा सहज मावला असता, तिथे एक रेडिओ. गाणी ऐकायचा नव्हे, दूरच्या माणसाशी बोलायचा. त्याची केबल खिडकीतून बाहेर पडते, अंगण ओलांडते आणि दोन उंच माडांमध्ये ताणलेल्या तांब्याच्या तारेला मधोमध जाऊन मिळते. ही तार म्हणजे अँटेना. शिंप्याने ती घरीच केलेली, शिवणाच्या फितीने मोजून, दोन्ही बाजू अगदी सारख्या.

"काय शिंपीदादा, माडाला सदरा बसला का?" शेजारचा न्हावी रोज विचारायचा.

"बसला. तुझ्या कात्रीपासून लांब ठेवलाय म्हणून बसला."

या शिंप्याची नऊ वर्षांची भाची त्याच्याकडे राहायची. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिची आई नर्स होती आणि चार महिन्यांपासून समुद्रातल्या एका बेटावर कामाला होती. तिथे मोबाइल चालत नाही. पण तिथल्या मास्तरांकडे असाच रेडिओ होता. रोज दुपारी चार वाजता आई मास्तरांच्या घरी येऊन बसायची आणि भिंगरी इकडे मामाच्या स्टुलावर.

गेले तीन दिवस मात्र रेडिओतून फक्त खरखर येत होती. मामाने तारेच्या दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या, रेडिओकडचं केबलचं टोक नवं बसवलं, माडावरच्या कावळ्यांनाही दोष देऊन पाहिला. काही उपयोग झाला नाही.

आईने जाताना बजावलं होतं, "सलग चार दिवस तुमचा आवाज आला नाही, तर घरी काहीतरी बिनसलंय असं समजेन आणि संध्याकाळच्या बोटीने निघेन." आज चौथा दिवस होता.

भिंगरीला आई हवी होती. कोणाला नको असते? पण बेटावर एका बाईचे दिवस भरत आले होते आणि दुसरी नर्स तिथे नव्हती. 'ती रोज विचारते, ताई, तुम्ही आहात ना?' असं आईनेच सांगितलं होतं.

तीन वाजता मामाने दोर सैल सोडून अख्खी अँटेना अंगणात उतरवली आणि डोकं खाजवत बसला. "आता राहिली ती मधली डबी. केबल आणि तारा जिथे जोडल्यात ती. पण तिच्यात काय बिघडणार? वरून चांगली बंद आहे, आणि खाली मी भोक ठेवलंय."

ते भोक भिंगरीने पाहिलं होतं. महिन्यापूर्वी अँटेना अशीच खाली उतरवली असताना तिला वाटलं, हे बुजवायचं मामाकडून राहून गेलं. पाणी शिरेल म्हणून तिने त्यात मेणबत्तीचं मेण भरलं होतं आणि वरून काळी चिकटपट्टीही लावली होती. अगदी नीट.

गप्प बसलं तर? गप्प बसलं तर आई बोटीत बसेल. उद्या सकाळी दारात उभी असेल. भिंगरी उंबऱ्यावर बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. बराच वेळ. एरवी ती एवढा वेळ कधीच एका जागी बसत नसे.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "ते भोक मी बुजवलंय."

मामाने चष्म्यावरून पाहिलं. "कशाला गं?"

"पाणी जाऊ नये म्हणून."

मामाने डबी उघडली. आतून अर्धी वाटी पाणी सांडलं आणि तांब्याची टोकं हिरवीगार दिसली. भिंगरीचा चेहरा रडवेला झाला.

"अगं, रडतेस काय! इकडे बघ. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब दिसतात ना? त्यांना बाहेरून कोणी आणून घालत नाही. इथल्या दमट हवेत पाणी असतंच. रात्री डबी गार झाली की ते आत साचतं. भोक पाणी येण्यासाठी नसतं, जाण्यासाठी असतं. मी तुला सांगायला हवं होतं. चल, सुई तापव."

मग दोघं कामाला लागली. मामाने केबलचं भिजलेलं टोक वीतभर कापलं, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. भिंगरीने हिरव्या तारा सँडपेपरने घासल्या. मामाने कथिलाचा डाग देऊन केबल तारांना पुन्हा जोडली. मेण खरवडून भिंगरीनेच तापलेल्या सुईने भोक पुन्हा मोकळं केलं आणि डबी उलटी तर लागत नाही ना, हे दोनदा पाहिलं.

"हेअर कटिंग झालं का माडाचं?" न्हावी विचारत आला. मामाने त्याच्या हातात दोराचं टोक दिलं. "बडबड नंतर कर. ओढ."

चारला पाच मिनिटं कमी असताना तार वर चढली. चार वाजता मामाने हाक दिली. खरखर. पुन्हा हाक दिली. मग ताग्यांमधून मास्तरांचा आवाज आला, आणि लगेच आईचा.

"कुठे होतात रे तुम्ही? जीव टांगणीला लागला होता! पिशवी भरून बसलेय मी. भिंगरी बरी आहे ना? ती बाई कालपासून कळा देतेय, पण तुम्ही सांगाल तर निघते. सांगा, येऊ का? ओव्हर."

मामाने माइक भिंगरीपुढे ठेवला.

भिंगरीने माइक दोन्ही हातांनी धरला, बटण दाबलं आणि म्हणाली, "आई, मी बरी आहे. अँटेना माझ्यामुळे बिघडली होती, आता नीट केलीय. तू पिशवी रिकामी कर आणि त्या बाईकडे जा. बाळ झालं की सगळ्यांत आधी मला सांग. ओव्हर."